सुतळीने बांधलेली साल

११ जाने., रवि.
भूर्जाची साल यंदा पहिल्यांदा सुटू लागली. कागदासारखी, आडवी. आतून फिकट गुलाबी. मनालीच्या नर्सरीतून झाड आणलं तेव्हा बोटाएवढं होतं. उचगावच्या उन्हात टिकेल असं कुणालाच वाटलं नव्हतं, मलाही. कामावरचा व्हर्नियर लावून बुंध्याची जाडी मोजली. मग नुसतीच बघत बसले. चहा गार.

१५ जाने., गुरु.
फाउंड्रीतून आले तर बुंधा निळसर पांढरा. आण्णा दर वर्षी आंब्याला मोरचूद-चुना फासतात, तो यालाही फासला. त्याआधी गोणपाटाने घासून सगळी साल काढली.
"साल सुटाय लागलीती. रोग पडला म्हटलं."
"ती साल बघायलाच लावलंय झाड."
"सुटल्याली साल बघायला? असलं कसलं गं तुझं झाड!"
दोन जागी आतली ओली सालही निघाली आहे. ती जखम भरली नाही तर झाड जाईल. एवढं सांगितलं. आत गेले.

१६ जाने.
अबोला. आई : "बाप-लेक दोघंबी सारखीच. मी काय तुमची पोस्टमन व्हय?"

१८ जाने., रवि.
आण्णांनी काढलेली साल उकिरड्यावरून वेचून, धुऊन, बुंध्याला परत गुंडाळली आहे. वरून सुतळी. गाठ मोळीला मारतात तशी.
साल परत चिकटत नसते. सांगायला निघाले होते. आण्णा कुंपणापलीकडच्या काकांना म्हणत होते, "पोरीनं एवढ्या लांबनं मांडीवर धरून आणलंय. जपाय नको?"
ते गेल्यावर सुतळी सैल केली, बुंध्याला काचू नये म्हणून. साल तशीच ठेवली.

५ फेब्रु.
सुतळी पुन्हा घट्ट. पुन्हा सैल केली. तो विषय निघत नाही, बाकी बोलतो.

२२ फेब्रु., रवि.
कोंब नाहीत. गेल्या वर्षी एव्हाना दिसले होते. फांदी जरा खरवडली की कळेल, आत हिरवं की तपकिरी. नख टेकवलं. मागे आण्णा, हातात बादली.
"जगंल न्हवं?"
तपासल्याशिवाय मी कामावर कशावरही सही करत नाही.
"जगेल," म्हटलं. नख काढून घेतलं.

१ मार्च, रवि.
सकाळीच हाक : "ये की लवकर!"
खालच्या फांदीवर कोंबाचा एक डोळा फुगल्यासारखा. आण्णांच्या मते कालच्यापेक्षा मोठा. मला नक्की सांगता येत नाही. व्हर्नियर खिशात होता.
काढला नाही.