हॉलचं बटण

पप्पा,
तुम्ही चर्चला गेलात आणि माझी एसटी नऊची, म्हणून न भेटताच निघतेय.

हॉलमधले मोबाईलवर चालणारे बल्ब काढून टाकलेत. तुम्ही हेडमास्तर, उठताना भिंतीवरचं बटण बंद करणारच. मग ते बल्ब मोबाईलला दाद देत नाहीत. हरले मी. शेवगावचा वायरमन आणून आता बटणच स्मार्ट बसवलंय. नेहमीसारखं दाबा, काही बिघडत नाही.

आई गेल्यापासून तुम्ही अंधारातच प्रार्थनेला बसता, शेजारच्या हेलनमावशी सांगत होत्या. त्यांना रागावू नका. फक्त रोज संध्याकाळी सातला बटण दाबा. तुमचा दिवा लागला की मला पुण्यात मोबाईलवर कळेल. मग मीही तिथे प्रार्थनेला डोळे मिटीन. तोवर थांबेन.

तुमची कृपा