इमारत बसली आहे

भाऊजी,

तुमचं जहाज सध्या कुठल्या समुद्रात आहे कोण जाणे. समुद्रावरच्या माणसाला घोर लावायचा नाही, अशी ताईची ताकीद आहे. म्हणून हे पत्र माझ्या पिशवीतच राहील. मी दोन दिवसांसाठी आलो होतो आणि अजून इथेच आहे, एवढ्यावरूनही तुमच्या मनात पाल चुकचुकली असती.

शाळेच्या वऱ्हांड्याचं छत पडलं. आपली धाकटी नुसती खरचटली, पण तिच्या बाकावरची मैत्रीण गेली.

काल मैदानात पालकांची सभा झाली. खुर्च्या मी लावल्या. एक माझ्याच बुडाखाली मोडली, पण ते जाऊ दे. इंजिनिअर म्हणाले, "इमारत थोडी बसली आहे, इतकंच. डागडुजी करू, सोमवारी शाळा भरवा." मुलांचं वर्ष वाया जाईल म्हणून निम्मे पालक माना डोलवायला लागले.

ताई चारचौघांत तोंड उघडत नाही, तुम्हाला माहीतच आहे. ती उठली. "इमारत बसलीये ना? मग चला, आपणही आत जाऊन बसू. उरलेली सभा वर्गातच घेऊ."

कुणी हललं नाही. मुख्याध्यापक पुटपुटले, "बाई, आत उकडतं हो."

शेवटी ठरलं, नवी इमारत होईपर्यंत शाळा बाजाराच्या शेडमध्ये भरेल.

घरी आल्यावर ताई उंबऱ्यावरच बसली. म्हणाली, "कुणी 'चला' म्हटलं असतं, तर मला खरंच आत जावं लागलं असतं रे."

तुमचा उडाणटप्पू मेहुणा