फ्रेम बदलायची नाही

ता. ११ नोव्हेंबर. सहाला उठलो. कारखान्यात अकरा ड्रॉइंग्ज तपासली, दोन चुकीची म्हणून परत पाठवली. डबा संपवला. घरी आलो तर दारात तुझं पत्र.

ती. ताईस नमस्कार. वाकून केला असं समज; खरोखर वाकलो तर नवा चष्मा नाकावरून घसरतो, आणि त्या चष्म्याबद्दलच तू चार पानं लिहिली आहेस. भाऊजींचा गुडघा कसा आहे? माझी तब्येत उत्तम आहे. डोकंही ठिकाणावर आहे. (हे तू विचारलं नव्हतंस, पण चारही पानांत तेवढाच प्रश्न होता.)

तू म्हणतेस, ही जाऊन चार महिने झाले नाहीत तोच मी बायकांची फ्रेम घालून कामावर जाऊ लागलो, लोक काय म्हणतील. आणि रविवारी येऊन, मला दुकानात नेऊन, ती बदलून आणणार. ताई, रविवारी अवश्य ये. दुकानात मी येणार नाही. हे झालं कसं, तेवढं सांगतो.

जुना चष्मा मी खुर्चीवर ठेवला आणि त्याच खुर्चीवर बसलो. सव्वीस वर्षं मी चष्मा खुर्चीवरच ठेवत आलो आहे, पण बसण्याआधी स्वयंपाकघरातून "चष्मा" एवढा एकच शब्द यायचा. या वेळी आला नाही. दोन्ही काचा गेल्या. शेजाऱ्यांनी हात धरून मला चष्म्याच्या दुकानात नेऊन बसवलं आणि ते आपल्या कामाला गेले.

तुझे डोळे चांगले, म्हणून तुला यातली गोम ठाऊक नसणार. फ्रेम निवडताना तिच्यात नंबराच्या काचा नसतात. माझा नंबर उणे साडेआठ. म्हणजे चष्मा कसा दिसतो हे पाहायला मला चष्मा लागतो. आरशाला नाक लावलं तर एका वेळी एक डोळा दिसतो, अख्खा माणूस दिसत नाही. आजवर ही शेजारी उभी राहून "नको, नको, हं" म्हणायची आणि तिसऱ्या फ्रेमला आम्ही दुकानाबाहेर. (काय घेतलं ते मला काचा बसून आल्यावर कळायचं. तक्रार कधी केली नाही.) चष्मेवाला मात्र प्रत्येक फ्रेमला "शोभते, साहेब" म्हणाला. मी मुद्दाम एक उलटी घातली, तीही शोभली. मग त्याने फोनवर फोटो काढले. नाकाशी धरून पाहिले, तर सहाही फोटोंत चुकून दुकानात शिरलेला एकच माणूस.

शेवटी मी आमच्या कारखान्याची पद्धत वापरली. ड्रॉइंगबद्दल शंका आली की मी खाली जातो आणि तो पंपाचा भाग बोटांनी चाचपून पाहतो. डोळे मिटले आणि ट्रेमधल्या फ्रेमा एकेक करून हाताळल्या. एक हाताला लागली आणि म्हटलं, हीच. चष्मेवाला म्हणाला, "साहेब, ही जरा..." आणि थांबला. मग म्हणाला, "शोभते."

सोमवारी कामावर गेलो तर आमचा स्टोअरकीपर हसून म्हणाला, "आज वहिनींचा घालून आलात वाटतं." बोलून झाल्यावर त्याला आठवलं. बिचारा मग दिवसभर न मागता मला पेन्सिली आणून देत होता. चौदा झाल्या. बाकी कोणी काही म्हणालं नाही, फक्त माझ्याशी बोलताना सगळे माझ्या कानाकडे पाहू लागले. त्याचीही सवय होते.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. या चष्म्याने मला अर्धा मिलिमीटर दिसतो. आज त्यानेच दोन चुका पकडल्या. फ्रेमचे वरचे कोपरे थोडे उचललेले आहेत, तर असू देत. ड्रॉइंग तपासणारा पुरुष आहे की बाई हे ड्रॉइंगला कळत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एक वस्तू स्वतः निवडली आहे. ती मी बदलणार नाही, या रविवारी नाही आणि पुढच्याही नाही.

भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. दुकानदार आठ दिवसांत फ्रेम बदलून देतो, हे तुझं बरोबर आहे. आठवा दिवस काल संपला.

आणखी एक. फ्रेम मला शोभत नाही. मी रुसलेल्या मावशीसारखा दिसतो. हे भाऊजींना सांगू नकोस.

आणखी. आमचे दोन्ही चष्मे रोज सकाळी मी पुसायचो, आधी हिचा. त्याच्या काडीवर तीन बारीक रेघा होत्या. या नव्यावरही आहेत. दुकानात बोटांना त्याच लागल्या, हे मला सोमवारी पेन्सिली मोजताना कळलं. दिवसकार्य आटोपून परत जाताना तू हिच्या कपड्यांबरोबर तो चष्माही कुणा गरजूला द्यायला घेऊन गेलीस. मी हो म्हणालो, कारण त्या आठवड्यात मी सगळ्यालाच हो म्हणत होतो. अजून दिला नसशील तर रविवारी येताना आण. दिला असशील तर राहू दे, फक्त आधी कळव, म्हणजे मी वाट पाहणार नाही.

चहा उकळला. वाफेने काचा धुरकट झाल्या आहेत. पुसून घेतो. एकच आहे, वेळ लागणार नाही.