स्टंफच्या दुकानातली स्वस्त रायफल

१२ नोव्हेंबर
पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातलं हे गाव आठवड्यातच मानवलं. लाकडाच्या गिरणीत नोकरी, टेकडीखाली भाड्याचं घर, आणि आयोनी लग्नानंतर पहिल्यांदाच भांडी घासताना गाते आहे. आज बंदुकांच्या दुकानात नुसता डोकावलो आणि रायफल घेऊनच आलो. जुनी आहे, पण अक्रोडाचा दस्ता गुळगुळीत, नळीवर गंजाचा ठिपका नाही, आणि किंमत जेमतेम नव्या बुटांएवढी! म्हाताऱ्या स्टंफनं दोनदा विचारलं, खुशीनं घेताय ना? मी म्हटलं, अगदी आनंदानं.

१७ नोव्हेंबर
शेजारच्या क्लीटबरोबर जुन्या दगडखाणीत नेम तपासायला गेलो. माझी प्रत्येक गोळी वीतभर डावीकडे. नळीवरची नेम धरायची खूण सरकवून पाहिली, तरी तेच. याच रायफलनं क्लीटच्या गोळ्या मात्र नेमक्या मधोमध. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणून तो खोकला लागेपर्यंत हसला.

३० नोव्हेंबर
शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस. हरीण इतकं जवळ की नाकाची वाफ दिसत होती. गोळी उजवीकडच्या झाडात! नेम चुकला की इथे शर्टाचं मागचं टोक कापून शिकारखोपीत टांगतात. "वेंडेल, पुढच्या वर्षी शर्ट लांब शिवून आण," म्हणत क्लीटनं कात्री चालवली. घरी आल्यावर हे ऐकून आयोनी हसून लोळली. मीही हसलो, पण धड नाही. खाणीतून आमचं घर डावीकडे होतं. जंगलातून उजवीकडे.

३ डिसेंबर
आयोनी आता गावातल्या खाणावळीत काम करते, घराच्या अगदी उलट दिशेला. ती कामावर असताना मुद्दाम खाणीत गेलो. गोळी खाणावळीच्या बाजूला गेली.
घराकडे नव्हतीच जात. तिच्याकडे जाते.

४ डिसेंबर
रायफल परत करायला गेलो, तर स्टंफ हात लावेना. म्हणाला, आधीच्या मालकाची बायको अंगणात कपडे वाळत घालताना याच रायफलची गोळी लागून गेली. कोर्टानं अपघात म्हटलं. मग मला का विकली, म्हणून मी त्याची गचांडी धरली. म्हातारा रडायलाच लागला. "शाळा सुटली की नात दुकानात येऊन बसते. भिंतीवरची नळी तिच्यामागे फिरायला लागली, बाबा. कोणी खुशीनं घेतल्याशिवाय ती मालकाला सोडत नाही. गावातलं कोणी घेईना. तुम्ही नवे होता." तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरं सांगायचं तर त्याच्या जागी मीही विकली असती.

६ डिसेंबर
नदीवर गेलो. सगळ्या गोळ्या पाण्यात टाकल्या. मग रायफल — मूठ उघडेना. तशीच घेऊन परत आलो.

७ डिसेंबर
आयोनीला सगळं सांगितलं. वेड लागलंय म्हणाली, मग माझं तोंड बघून तिनं बॅग भरली. ईरी शहरात बहिणीकडे गेली. रायफल टेबलावर. नळी ईरीच्या दिशेला. असू दे. लांब आहे ती.

८ डिसेंबर, दुपार
नळी हलतेय. सावकाश. आता पुलाकडे — आता गिरणीकडे —
परत येतेय ती. माझ्या काळजीनं, वेडी. फोन उचलत नाही.
गोळ्या नदीत टाकल्या होत्या ना? नळीत एक आहे.
दस्ता खांद्याला कधी लावला? डावा हात सुटत नाही. उजव्यात पेन आहे. हा हात लिहितोय तोवर चापावर जाणार नाही. काहीही लिहायचं. आयोनी आयोनी आयोनी. गाडी थांबली. ओरडतोय, आत येऊ नकोस — ती म्हणते, "घाबरू नकोस, मी आलेय ना" — दार — लिही, लिही, पेन सोडू न