खालची वाकडी रेघ

११ मार्च, मंगळवार. माकुणसार

बाबांचं दहा फुटी चित्र आज लिलावासाठी मुंबईला गेलं. न्यायला आलेल्या बाईंनी अगदी खालच्या रेघेवर बोट ठेवलं. वरचे सगळे चौकोन, त्रिकोण इतके काटेकोर, मग ही एकच वाकडी का? मुद्दाम ना? मी पटकन हो म्हटलं. त्यांनी ते लिहूनही घेतलं. का म्हटलं मी हो?

बाबा गवंडी. भिंतीला मारतात तसंच चित्रावरही सूत मारायचे. निळीत बुडवलेला दोरा ताणायचा, मधे उचलून सोडायचा, की सरळ रेघ. दुसरं टोक नेहमी माझ्या हातात. ही खालची रेघ मारली त्या सकाळी माझं लक्ष घड्याळाकडे होतं. बोईसरला जाणारी कंपनीची बस चुकली असती. टोक सरकलं.

"बाय, परत धर. रेघ वाकडी गेली हाय."

"उद्या बाबा," म्हणून मी पळाले.

दुपारी कंपनीत फोन आला. घरी पोचले तोवर बाबा गेले होते. ती रेघ तशीच वाकडी. तिच्यावर सूत पुन्हा ताणलेलं. माझ्या टोकाला त्यांनी खिळा ठोकून घेतला होता.