उपाशीपोटीची खिचडी

व्हिटबी (कॅनडा),
फेब्रुवारी २०१२

ती. वन्संना अरुणाचा शिरसाष्टांग नमस्कार.

यंदा नागपूरच्या थंडीत तुमचे गुडघे कसे आहेत? इथल्या थंडीचं मी लिहीत नाही, नाहीतर तुम्ही पुन्हा स्वेटर विणायला बसाल (मागचा अजून ह्यांच्या डोक्यातून खाली उतरत नाही).

आधी बातमी: वन्सं, आपण जिंकलो! आता सविस्तर ऐका.

अनिशला जाऊन दोन वर्षं झाली, पण त्या अपघातापासून तुमच्या भावाने लेकाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. रडणं तर सोडाच. नुसता फावड्याने बर्फ उपसायचे. आमचा ड्राइव्हवे झाला की शेजारणीचा. ती म्हणायची, "सच अ नाइस मॅन!" मी मनात म्हणायची, घेऊन जा बाई. मी आत रडतेय, हे बाहेर उकरताहेत. मला धास्तीच बसली होती, की मुलगा गेला तो गेलाच, आता नवराही हातचा जातोय.

मग टोरोंटोत डॉक्टरांचा एक अभ्यास सापडला. मूल गमावलेल्या नवराबायकोंनी सायकेडेलिक जातीची गोळी घ्यायची (मनाची कुलपं उघडतात म्हणे), शेजारीशेजारी कोचावर पडायचं आणि आतलं एकमेकांना सांगायचं. हो वन्सं, नशेचीच. पण सरकारच्या परवानगीने आणि बीपी मोजत. खोकल्याच्या औषधाने गरगरणारा तुमचा भाऊ कसा तयार झाला, देव जाणे. अट एकच, सकाळी उपाशीपोटी यायचं.

तर मी आंघोळीला गेले तेवढ्यात ह्यांनी साबुदाण्याची खिचडी करून दोन बशा हाणल्या! डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "फास्टिंग?" हे छाती काढून "येस" म्हणाले, आणि शर्टावर दाण्याचं कूट. वर बाईंनाच समजावताहेत, की उपासाला साबुदाणा चालतो, बटाटा चालतो, पोहे मात्र चालत नाहीत. बाईंनी फाइल मिटली. गोळी रद्द! माझं डोकंच फिरलं. तिथेच ओरडले, "अहो, दोन दोन बशा? एवढी कसली भूक?"

हे म्हणाले, "भूक नव्हती गं. आज अनिशबद्दल बोलायचं होतं, म्हणून त्याच्या आवडीची केली. त्याची बशी वाढली, ती कोण खाणार? मग मीच खाल्ली."

आणि रडले हो वन्सं, ढसाढसा रडले. मीही रडले. बाईंनी टिश्यूचा खोका आमच्यात ठेवला आणि गुपचूप बाहेर गेल्या. परत येताना गाडी मी चालवली आणि हे घरापर्यंत अनिशचे किस्से सांगत होते, मला ठाऊक नसलेलेसुद्धा. काल भरपूर बर्फ पडला, फावडं गराजमध्येच आहे. शेजारीण रुसलीय.

तुमची,
अरुणा

ता. क. गोळी अजून बाईंच्या कपाटातच आहे. पुढची तारीख मार्चमधली. हे विचारताहेत, भगर तरी चालेल का.

ता. क. २. खरं काम राहिलंच. दर रविवारी फोनवर तुम्ही हवापाण्याचं विचारता आणि भावाला त्रास होईल म्हणून अनिशचं नाव टाळता. ह्या रविवारी घ्या. हे रडतील, तुम्हीही रडाल. फोन ठेवू नका. खिचडीवर लिंबू पिळायला अनिशला तुम्हीच शिकवलंत, तिथूनच सुरुवात करा.