आईच्या सहीसाठी मसुदा

कोल्हापूर,
शुक्रवार, २४ ऑगस्ट १९५६

ती. दादास,

नमस्कार केला आहे असं समज.

तुझं पत्र मी चुलीत टाकलं, ते पेटलं होतं. आईनं ते चिमट्यानं चुलीतून ओढून काढलं आणि वर तांब्यातलं पाणी ओतलं. ‘अंबादासाचं अक्षर जाळू नको,’ एवढंच म्हणाली. वरचा भाग गेला, त्यामुळे तू खुशालीचं काय लिहिलं होतंस ते सांगता येत नाही. आईच्या सहीसाठी इंग्रजीत टाईप करून पाठवलेला मसुदा मात्र शाबूत आहे. तो वेगळ्या पाकिटात होता. हे उत्तर त्याचं आहे.

आधी घरचं. आण्णांचा उजवा हात अजून उचलत नाही. बोलणं सुधारलं आहे. शब्द जड येतात, पण सगळे समजतात. डॉक्टर दर मंगळवारी येतात. पंचगंगेला पाणी चढलं आहे आणि गगनबावड्याची गाडी चार दिवस बंद आहे. आज श्रावणातला शुक्रवार, सकाळी आईनं जिवतीची पूजा केली. जवळ नसलेल्या मुलासाठी टाकतात तशा उत्तरेला, पुण्याकडे तोंड करून तिनं तुझ्या नावानं अक्षता टाकल्या. तासाभरानं पिराजी पोस्टमन तुझी दोन पाकिटं देऊन गेला.

मसुदा मी तिला मराठीत सांगितला. वाक्यावाक्यानं सांगितला, काही गाळलं नाही. ‘मी अशिक्षित व जुन्या समजुतींची बाई असून, प्रवासात मुलीला कोणी त्रास देऊ नये म्हणून तिच्या गळ्यात काळी पोत घातली. माझी मुलगी अविवाहित आहे. अधिकाऱ्यासमोर ती घाबरून भलतंच बोलली.’ शेवटी सहीची जागा, आणि तिथं तू पेन्सिलीनं केलेली फुली.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘मी खुळी आहे असं लिहायचं आणि खाली सही मी करायची?’

पुण्याच्या कोर्टात तुला असं कोणी विचारलं नसेल.

तुझं म्हणणं, मुंबईला वकिलातीत जे झालं ते आईच्या पोतीनं झालं. तिनं ती घातली नसती तर व्हिसा मिळाला असता, एकतीस तारखेची बोट मिळाली असती आणि सप्टेंबरच्या शेवटी मी वर्गात बसले असते. शेवटचं सत्र बुडालं तर शिष्यवृत्ती जाईल आणि तीन वर्षांची पदवी अर्धी राहील, हे तू मला समजावून सांगतोस. ती तीन वर्षं मी परदेशात काढली आहेत, तू नाही.

क्रम नीट लिहिते.

जूनमध्ये वॉल्टरचं पत्र आलं. पाकिटावर त्यानं मिसेस हेस असं लिहिलं होतं. तसं लिहू नकोस म्हणून मी त्याला दोनदा बजावलं होतं. पिराजी दारातच थांबला. ‘ताई, ह्यो कागद कुनाचा म्हनायचा? मिसेस हेस. घर तर तुमचंच हाय की.’ मी म्हटलं, माझ्या एका शिक्षिकेचं आहे, माझ्याकडून पुढं जायचंय. तो बरं म्हणून गेला. आई मागं उभी होती. तिनं त्या दिवशी विचारलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्यानं तांदूळ निवडताना म्हणाली, ‘मिसेस म्हणजे काय ते मला कळतं. डॉक्टरीणबाईंच्या दारावर लिहिलेलं आहे.’ मग विचारलं, ‘माणूस बरा आहे?’ मी हो म्हटलं. तिनं पुन्हा तांदूळ निवडायला घेतले. फेब्रुवारीत तिथल्या कोर्टात दोन साक्षीदारांसमोर झालेल्या माझ्या लग्नाबद्दल या घरात एवढंच बोलणं झालं.

तुला तर मी मार्चमध्येच लिहिलं होतं. तू उलट टपाली कळवलंस की आण्णांना कळता कामा नये. मे महिन्यात आण्णांना झटका आला, मी आले, आणि मग तुझं काम सोपं झालं. डॉक्टरांनी त्यांना त्रास देऊ नका असं सांगितलं होतं. तू त्याचा अर्थ लावलास की त्यांना काहीच सांगायचं नाही. पुढं तेच कारण वकिलातीच्या फॉर्मपर्यंत नेलंस. पत्नी म्हणून अर्ज केला की पोलीस चौकशीला घरी येणार आणि बाहेरच्या सोप्यावर बसलेल्या आण्णांना विचारणार, मुलीचं लग्न कधी झालं. विद्यार्थिनी म्हणून केला की कोणी विचारायला येत नाही. मग तू तुझ्या त्या रेखीव अक्षरात लिहिलंस, मिस श्यामला. आणि खालच्या रकान्यात, अविवाहित.

मुंबईला निघायच्या सकाळी आईनं मला देवापुढं बसवलं आणि काळी पोत बांधली. नवरा जिवंत आहे आणि लांब आहे, अशा बाईनं उघड्या गळ्यानं वेस ओलांडायची नाही, असं ती म्हणाली. ती त्रासाला भ्यायली नव्हती. जुन्या समजुतीची असेल. पण ती समजूत वॉल्टरसाठी होती. घरातून त्याच्यासाठी कोणी काही केलं, ते तेवढंच.

वकिलातीच्या दाराशी तुझा तो प्रवासकंपनीचा गुंडूराव भेटला. फॉर्म तपासता तपासता त्याची नजर गळ्याकडे गेली.

‘ताई, त्येवढी पोत काढा की. पर्समधी टाका आन मग जावा आत.’

मी म्हटलं, साहेबाला काय कळतंय.

‘सायबाला न्हाय कळत, पर शेजारच्या बाकावरच्याला कळतंय न्हवं? आवो, माझी बायको भांडण झालं की काढती आन सांजच्याला परत घालती. काय हुतंय? मी जित्ता हाय की अजून.’

मला हसू आलं. पोत काढली नाही. पदराखाली सारली.

इथून पुढचं तुला गुंडूरावानं सांगितलेलं नाही, कारण तो बाहेर होता. तुझा समज आहे की कोणीतरी पोत ओळखली, साहेबाच्या कानावर घातलं आणि मी घाबरून कबूल झाले. आईला कागदावर खुळी ठरवायचं ते या आधारावर.

कोणी काही सांगितलं नाही, दादा.

अधिकारी तरुण होता, माझ्याच वयाचा. माझ्या विद्यापीठाचं पत्र वाचून त्यानं अभिनंदन केलं. शपथ घ्यायला सांगितली. मी उजवा हात वर केला आणि पदर सरकला. फॉर्ममध्ये लिहिलेलं खरं आहे का, त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. शिक्का त्याच्या हाताशी होता. तेवढ्यात, केवळ चांगुलपणानं, तो म्हणाला की गळ्यातलं छान दिसतंय, इकडचा दागिना आहे का? आईनं दिलाय, एवढं म्हटलं असतं तरी ते खरं होतं. त्यानं शिक्का मारला असता. मी आज बोटीसाठी ट्रंक भरत असते.

मी म्हटलं, हे आमच्याकडे लग्न झालेल्या बायका घालतात. माझं लग्न झालं आहे. नवरा तुमच्या देशाचा नागरिक आहे.

मी घाबरले नव्हते. आयुष्यात इतकी कधी संतापले नव्हते. त्याच्यावर नव्हे. तो आपलं काम करत होता. शपथेला वर केलेला हात अजून खाली आला नव्हता आणि त्या हातानं मी खोटं बोलले होते. तुझ्यासाठी, असं त्या क्षणी वाटलं. आण्णांसाठी, असंही वाटलं.

त्यानं शिक्का बाजूला ठेवला. पुन्हा बसायला सांगितलं. म्हणाला, विद्यार्थी शिकून परत जातो या विश्वासावर हा व्हिसा असतो. नागरिकाची बायको परत जाईल असं मी कसं धरू? तुमच्या नवऱ्यानं तिकडून अर्ज करायचा. सहा महिने लागतील, आठ लागतील. मी सांगितलं की मला दोन्ही करायचं आहे, पदवीही घ्यायची आहे आणि नवऱ्याच्या घरीही जायचं आहे. तो म्हणाला, ते तिथं गेल्यावर करा. इथून जाताना एकच काहीतरी व्हा. मग फॉर्मवरच्या अविवाहित या शब्दावर बोट ठेवून म्हणाला की हे शपथेवर आहे. दोन आठवड्यांच्या आत लेखी खुलासा द्या, लग्नाचा दाखला जोडा. आला नाही तर खोटं निवेदन म्हणून नोंद होईल आणि नवऱ्याच्या अर्जालाही ती आडवी येईल.

दोन आठवडे सोमवारी संपतात. तू मसुदा पाठवलास तो खुलाशाच्या जागी. दाखला जोडूच नये, लग्न झालेलंच नाही असं आईच्या सहीनं ठरवावं, आणि मी एकतीसला बोटीवर चढावं. पुढचं पुढं बघू, असं तू लिहितोस. ती ओळ जळालेली नाही.

आता तुला न लिहिलेलं लिहिते. सकाळपासून टाळते आहे.

फॉर्म तू भरलास, पण तू तो मला टपालानं पाठवलास. मी तो दोन दिवस घरात ठेवून वाचला. अविवाहित हा शब्द मी पाहिला. सही केली. कोणी माझा हात धरला नव्हता. निघण्यापूर्वीच वॉल्टर म्हणाला होता, बायको म्हणून रीतीनं परत ये, वेळ लागला तरी चालेल, मी थांबेन. मीच म्हटलं, वर्ष वाया जाईल. त्याला ते आवडलं नव्हतं. पाकिटावर तो मिसेस का लिहीत राहिला ते मला माहीत आहे.

आणि आण्णा. जुलैत नृसिंहकाका येऊन बसले होते. त्यांच्या ओळखीचं स्थळ होतं, मुलगा इंजिनियर. मी चहा घेऊन गेले तेव्हा आण्णा एकेक शब्द जुळवत त्यांना सांगत होते, ‘आमची श्यामला आधी पदवी घेईल. घाई नाही. ती मला सांगितल्याशिवाय काही करायची नाही.’ मी कप ठेवले. साखर किती ते विचारलं. मला ते ऐकायला बरं वाटलं, दादा. मुंबईला माझा संताप उफाळला त्यात हेही होतं. तुझ्यावर ढकलायला तू सोयीचा होतास. अजूनही आहेस, कारण आईला खुळी ठरवणारा कागद तू लिहिलास, मी नाही.

रात्रीचे नऊ.

मघाशी मी आण्णांना सांगितलं. वॉल्टरच्या अर्जानंतर पोलीस येणारच आहेत. त्यांनी दारात विचारण्याआधी मी सांगावं. आई पायाशी बसली होती. मी सगळं सांगितलं, फॉर्मसुद्धा.

त्यांनी विचारलं, ‘कधी?’

‘फेब्रुवारीत.’

‘अंबादासाला ठाऊक होतं?’

‘हो.’

त्यांनी आईकडे पाहिलं. तिनंही होय म्हणून मान हलवली. मग ते म्हणाले, आणि या तीन महिन्यांत त्यांचं इतकं स्वच्छ वाक्य मी ऐकलेलं नाही,

‘म्हणजे मलाच तेवढं आजारी ठेवलंत तुम्ही.’

त्यांना काही झालं नाही. नाडी नीट आहे. रात्री भात जेवले, आईच्या हातानं. माझ्याशी बोलले नाहीत.

खुलासा मी लिहिला आहे. त्यात लिहिलंय की फॉर्म दुसऱ्याच्या हातून भरला गेला, पण मी तो वाचून सही केली, आणि लिहिलेलं खोटं आहे हे मला माहीत होतं. तुझं नाव घातलेलं नाही. तू तुझ्या वकिलीच्या सनदेची काळजी केली होतीस, म्हणून कळवते. ते तुझ्यासाठी केलेलं नाही. सही माझी होती.

बोटीचं तिकीट रद्द करायला गुंडूरावाला लिहिलं आहे. विद्यापीठालाही लिहिलं. शिष्यवृत्ती राहणार नाही असं धरून चालले आहे. यापुढं माझ्या वतीनं, आईच्या वतीनं किंवा आण्णांच्या तब्येतीच्या नावानं एकही कागद लिहू नकोस. दिवाळीला यायचं असेल तर ये. आण्णांच्या समोर बसावं लागेल.

मसुदा परत पाठवते आहे. सहीची जागा कोरी आहे.

आईनं तुला आशीर्वाद सांगितला आहे. मी लिहिणार नव्हते. पण तो तिचा आहे, म्हणून लिहिते.

श्यामला

ता. क. शनिवार, सकाळ. पाकीट बंद केलं नव्हतं. आण्णा सहाला उठले. मी चहा नेला तो त्यांनी घेतला नाही. आईनं दुसरा करून नेला, तो घेतला. साडेदहाला पोस्टात जाऊन खुलासा आणि हे पत्र रजिस्टर करणार आहे.